तेरा माणसं, एकशे चौतीस टीम: क्रमवारीच्या प्रकल्पाच्या नोंदी

२५ ऑगस्ट २०२४, कोलंबस (ओहायो)

फोल्डर आज उघडलं. नाव सध्या 'क्रमवारी' एवढंच.

कामाचे दोन भाग. एक म्हणजे अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या टीमना निव्वळ हार-जितीवरून क्रम लावणारा छोटा पायथन प्रोग्राम. दुसऱ्यात मला जास्त रस आहे: राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी टीम निवडणाऱ्या कमिटीने लावलेला क्रम जसाच्या तसा घ्यायचा, त्यावर वेगवेगळे नियम लावायचे आणि कोण आत, कोण बाहेर, कोणाची गाठ कोणाशी, ते बघायचं. भाकितं करायची नाहीत. त्यासाठी पैजा लावणारे समर्थ आहेत.

निमित्त गेल्या डिसेंबरचं. फ्लॉरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, एसीसी या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या लीगचं, विजेतेपद घेतलं आणि तरी चार टीमच्या प्लेऑफमध्ये तिला जागा मिळाली नाही. २०१४ साली प्लेऑफ सुरू झाल्यापासून मोठ्या पाच कॉन्फरन्समधला अपराजित विजेता पहिल्यांदाच बाहेर राहिला. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस १८ नोव्हेंबरला पायाच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला होता आणि त्याच्याविना ही टीम आधीची राहिलेली नाही, असं कमिटीचं म्हणणं पडलं. त्याच्याविनाच त्यांनी फ्लॉरिडाला २४-१५ आणि लुइव्हिलला १६-६ असं हरवलं होतं, पण ते धरलं गेलं नाही. चौथी जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला मिळाली.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडं. वरच्या गटात यंदा १३४ टीम आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकीचे सामने फक्त १२. त्यातले आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समध्ये. उरलेल्या तीन-चारांत एखादा सामना दुबळ्या पाहुण्याशी. म्हणजे दक्षिणेतली टीम आणि पश्चिम किनाऱ्यावरची टीम वर्षानुवर्षं समोरासमोर येत नाहीत, आणि तरी डिसेंबरात कोणीतरी म्हणायचं की ही चौथी आणि ती पाचवी.

दादाला फोनवर सांगत होतो. तो कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅच बघत वाढलेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लेका, आमच्यात कोण भारी हे मैदानातच ठरतंय. तुमच्याकडं हाटेलात मिटिंग घेऊन ठरवतात होय?"

हो दादा, हॉटेलातच. डॅलस विमानतळाजवळ ग्रेपव्हाइन म्हणून गाव आहे, तिथल्या रिसॉर्टमध्ये तेरा जण बसतात.

३१ ऑगस्ट

सुरुवात कोली मॅट्रिक्सपासून. वेस्ली कोली हा खगोलशास्त्रज्ञ. त्याची पद्धत १९९८ ते २०१३ चाललेल्या, प्लेऑफच्या आधीच्या, फायनलच्या दोन टीम ठरवणाऱ्या बीसीएस व्यवस्थेतल्या संगणकी क्रमवाऱ्यांपैकी एक होती. निवडण्याचं कारण साधं: पद्धत पूर्ण जाहीर आहे आणि कागदावर करता येते.

पाया लाप्लासच्या नियमाचा. जिंकलेले सामने अधिक एक, भागिले खेळलेले सामने अधिक दोन. एकही सामना न खेळलेल्या टीमला अर्धा गुण मिळतो. मग प्रत्येक टीमच्या गुणात तिच्या प्रतिस्पर्ध्यांचे गुण मिसळायचे आणि सगळी समीकरणं एकदम सोडवायची. किती फरकाने जिंकलात याला इथे काडीची किंमत नाही. एका गुणाने जिंका नाहीतर चाळीसने, हिशेब तोच.

कोड लिहिण्याआधी हाताने करून पाहिलं. एकच सामना, दोन टीम: जिंकलेली ०.६२५, हरलेली ०.३७५. आता २०२३ चे खरे निकाल. टेक्ससने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ३४-२४ असं हरवलं. अलाबामाने एसईसी या आपल्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये जॉर्जियाला २७-२४ असं हरवलं. या तिघींत टेक्सस ०.६६७, अलाबामा ०.५००, जॉर्जिया ०.३३३. इथवर कोणाचीच तक्रार नसावी.

मग ओक्लाहोमा घातली. ७ ऑक्टोबर २०२३ ला तिने टेक्ससला ३४-३० असं हरवलं होतं. नवे आकडे: ओक्लाहोमा ०.६७९, टेक्सस ०.५३६, अलाबामा ०.४६४, जॉर्जिया ०.३२१.

दोन गोष्टी बघण्यासारख्या. ओक्लाहोमा एका सामन्याच्या जोरावर सगळ्यांच्या वर जाऊन बसली. प्रत्यक्षात ती पुढे कॅन्सस आणि ओक्लाहोमा स्टेट, दोघींकडून हरली, पण ते दोन निकाल या चौकटीत नाहीत, म्हणून सूत्राला माहीतच नाहीत. दुसरं जॉर्जियाचं. ०.३३३ वरून ०.३२१. जॉर्जिया काही खेळली नाही, तिच्या प्रतिस्पर्ध्यानेही काही केलं नाही. प्रतिस्पर्ध्याचा प्रतिस्पर्धी कुठेतरी हरला, त्याचा हिसका तिला बसला. आणि ही तीच जॉर्जिया जी फायनलच्या सकाळपर्यंत कमिटीच्या यादीत पहिली होती, सलग २९ सामने जिंकून.

१३४ टीम घातल्या की हा वेडेपणा बराच कमी होतो. पूर्ण जात नाही. दोन कॉन्फरन्समधले धागे मोजके असतात आणि सप्टेंबरातला एकेक सामना डझनभर टीमना वर-खाली ओढत राहतो. दहावी आणि अकरावी यांच्यातलं अंतर दशांशचिन्हानंतर कुठेतरी उरतं. माझ्या मते माणसांच्या कमिटीचीही गत हीच आहे, फक्त त्यांना ते दशांशचिन्ह दिसत नाही.

७ सप्टेंबर

गणपती बसले. आरती आटोपून, मोदक खाऊन टीव्ही लावला तर नॉर्दर्न इलिनॉय १६, नोटर डेम १४. एपी पोलमधली (पत्रकारांच्या मतांवरची साप्ताहिक क्रमवारी) पाचव्या क्रमांकाची टीम, स्वतःच्या मैदानावर, छोट्या कॉन्फरन्समधल्या पाहुण्यांकडून. असे सामने घरची टीम पैसे मोजून ठेवते, ते हरण्यासाठी नक्कीच नाही.

आजच्या तारखेला प्रोग्राममध्ये हा निकाल घालून काही उपयोग नाही. धागेच नाहीत अजून. पण डिसेंबरात नोटर डेमचं नाव निघेल तेव्हा हा निकाल शोधत बसायला नको म्हणून इथे लिहून ठेवतो.

२१ सप्टेंबर

दिवसभर नुसती साफसफाई. एकाच युनिव्हर्सिटीची तीन-तीन नावं, मायामी दोन (एक फ्लॉरिडात, एक इथे ओहायोत), तटस्थ मैदानांच्या खुणा वेगवेगळ्या.

खरा प्रश्न खालच्या गटातल्या टीमचा, ज्याला एफसीएस म्हणतात. त्यांच्याशी झालेले सामने गाळले तर काम सोपं होतं. पण मग २००७ ची गोष्ट होईल: खालच्या गटातल्या अ‍ॅपलाचियन स्टेटने मिशिगनला मिशिगनच्याच मैदानात ३४-३२ असं हरवलं होतं. ते सामने गाळले की मिशिगनची ती हार पुसलीच गेली! तेव्हा गाळायचे नाहीत. एफसीएसच्या टीमना एकेक न धरता ताकदीनुसार गटांत बांधायचं ठरवलं.

कोलीलाही या गटाने एकदा गोत्यात आणलं होतं. २०१० च्या शेवटच्या बीसीएस क्रमवारीत एफसीएसच्या प्लेऑफचा एक निकाल, अ‍ॅपलाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय, त्याच्या माहितीत घालायचा राहून गेला. त्या एका निकालाने एलएसयू आणि बॉयसी स्टेट यांची दहावी-अकरावी जागा उलटी लागली होती. चूक बाहेरच्या माणसाने, जेरी पामने, शोधली. पद्धत आणि सामन्यांची यादी उघड्यावर होती म्हणूनच त्याला पुन्हा गणित करून पाहता आलं. लोक हा किस्सा संगणकांची टिंगल करायला सांगतात. मला तो संगणकांच्या बाजूचा वाटतो. ग्रेपव्हाइनच्या खोलीत एखाद्याने एखादा निकाल विसरून मत दिलं तर कोण, कसं शोधणार?

६ ऑक्टोबर

व्हँडरबिल्ट ४०, अलाबामा ३५. अलाबामा एपी पोलमध्ये पहिली होती. नॅशव्हिलच्या पोरांनी गोलपोस्ट उपटला, शहरातून मिरवत नेला आणि कम्बरलँड नदीत विसर्जित केला. विसर्जनाची मिरवणूक आपल्यापेक्षा शिस्तीत झाली म्हणायची.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, आणि ओरेगन ३२, ओहायो स्टेट ३१. आज कोलंबसमध्ये कोणाला 'कसं काय' विचारायची सोय नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ ओहायो स्टेटचा माजी विद्यार्थी. त्याचा मेसेज आला: तुझ्या प्रोग्राममध्ये एका गुणाने हरणं आणि चाळीसने हरणं सारखंच का? रास्त प्रश्न. फरकात माहिती असते, हे कोणी नाकारत नाही. पुढचा सामना कोण जिंकेल हे सांगायचं असेल तर फरक धरलाच पाहिजे.

पण बीसीएसने २००१ च्या हंगामानंतर संगणकांना फरक धरायला बंदी केली, कारण कोच लोक हरलेल्या टीमवर शेवटच्या मिनिटापर्यंत गुण चढवायला लागतील ही भीती होती. गंमत म्हणजे त्याच २००१ साली नेब्रास्का कोलोरॅडोकडून ६२-३६ अशी हरली, त्यामुळे स्वतःच्या कॉन्फरन्सच्या फायनललाही पोचली नाही, आणि तरी राष्ट्रीय फायनलला गेली. तिथे मायामीने तिला ३७-१४ असं लोळवलं. दोन्ही मोठ्या पोलमध्ये दुसरी असलेली ओरेगन घरी बसून बघत होती.

आपल्याकडे फरक नेट रन रेटमधून मोजतात. यंदाच्या आयपीएलमध्ये १८ मे ला बंगळूरने २१८ केल्या, चेन्नईला जिंकायला नव्हे तर नुसतं पात्र व्हायला २०१ पुरत होत्या. ऋतुराजची टीम १९१ वर थांबली. हरूनही पुढे जाता आलं असतं, दहा धावा कमी पडल्या. पुण्यातल्या माझ्या मित्रांना रात्री झोप लागली नसेल. पण दुसऱ्या दिवशी एकानेही असं म्हटलं नाही की चेन्नई खरं तर चांगली टीम आहे, धोनी आहे, तिलाच घ्या. म्हणायची सोयच नव्हती. आकडा चेन्नईच्या डावातल्या पहिल्या चेंडूपूर्वीच दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये माहीत होता.

कॉलेज फुटबॉलमध्ये असा आकडा नाही. फ्लॉरिडा स्टेटला २५ नोव्हेंबरला कोणी सांगितलं नव्हतं की आता नुसतं जिंकून भागणार नाही, वीस गुणांनी जिंका.

५ नोव्हेंबर

सगळा देश दुसऱ्याच मतमोजणीकडे बघतोय, आणि कमिटीने हंगामातली पहिली यादी आजच काढली. ओरेगन, ओहायो स्टेट, जॉर्जिया, मायामी, टेक्सस. यंदापासून प्लेऑफ बारा टीमचं: कॉन्फरन्स विजेत्यांपैकी कमिटीच्या यादीत वरच्या पाच जणींना हक्काची जागा, उरलेल्या सात यादीतल्या क्रमाने. विजेत्यांपैकी वरच्या चौघींना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळता थेट दुसरी फेरी.

मतदानाची रीत वाचून काढली. प्रत्येक सदस्य आधी तीस टीमची यादी देतो, क्रम न लावता. मग सर्वांत चांगल्या सहा निवडायच्या, त्या सहांना क्रम लावायचा, वरच्या तीन पक्क्या होतात, खालच्या तीन पुढच्या फेरीत राहतात. परत तेच. स्वतःच्या युनिव्हर्सिटीची चर्चा आली की सदस्य खोलीबाहेर जातो. रीत वाईट नाही. छोट्या छोट्या गटांत तुलना करणं हे तीस टीमना एकदम क्रम लावण्यापेक्षा शहाणपणाचं.

माझा आक्षेप निकषांना आहे. वेळापत्रकाची कठीणता, आपसातले सामने, समान प्रतिस्पर्धी, विजेतेपद, खेळाडूंची उपलब्धता. सगळे निकष योग्य. पण कशाला किती वजन, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे या मंगळवारी एक निकष पुढे येतो, पुढच्या मंगळवारी दुसरा.

आणि दर मंगळवारी टीव्हीवर यादी दाखवायची गरजच काय? शेवटची सोडून कुठल्याच यादीला अर्थ नसतो, असं कमिटीच म्हणते. मग जाहिरातींसाठी पाच आठवडे लोकांना झुंजवायचं. शिवाय एकदा अमुक टीम आठवी म्हणून जाहीर केली की पुढच्या आठवड्यात कमिटी कोऱ्या पाटीवर बसते हे मला पटत नाही.

२४ नोव्हेंबर

काल इंडियाना इथे येऊन ओहायो स्टेटकडून ३८-१५ अशी हरली. दहा विजयांनंतरची पहिली हार. लगेच 'बघा, कोणाशी खेळल्याच नव्हत्या' सुरू. तिकडे अलाबामा ओक्लाहोमाकडून २४-३ अशी हरली, तिच्याबद्दल मात्र 'कठीण वेळापत्रक'. फाइल अद्ययावत केली, बाकी काही नाही.

१ डिसेंबर

मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. ओहायो स्टेट वीसेक गुणांनी जिंकणार असं पैजवाले म्हणत होते. सामन्यानंतर मैदानात झेंडा रोवण्यावरून हाणामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे. ओहायो स्टेट बिग टेन या आपल्या कॉन्फरन्सच्या फायनलमधूनही बाहेर.

शेजारी आज ऑफिसच्या ग्रुपवर गप्प आहे. प्रोग्राममध्ये मिशिगनचे गुण वाढले.

८ डिसेंबर

निवडीचा दिवस. सविस्तर लिहितो.

काल रात्री एसीसीच्या फायनलमध्ये क्लेमसनने एसएमयूला ३४-३१ असं हरवलं, अगदी शेवटच्या क्षणी ५६ यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलवर. एसएमयू त्याआधी ११-१ (अकरा विजय, एक हार) होती, कॉन्फरन्समध्ये एकही हार नाही. आता शेवटच्या खुल्या जागेचा प्रश्न: ११-२ झालेली एसएमयू की ९-३ ची अलाबामा?

अलाबामाची बाजू पोकळ नव्हती. तिने जॉर्जियाला हरवलं होतं, साउथ कॅरोलायनाला हरवलं होतं, मिसुरीला ३४-० असं धुतलं होतं. उद्या दोघींना तटस्थ मैदानावर उभं केलं तर मीही अलाबामावरच पैसे लावले असते. पण तिच्या तीन हारींपैकी दोन व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमाकडून, आणि दोघींनी नियमित हंगाम ६-६ वर संपवला. एसएमयूने तिसरी हार पत्करली नव्हती. दुसरी पत्करली ती जास्तीचा सामना खेळून, जो अलाबामा घरी बसून बघत होती. फायनलला पोचल्याची शिक्षा म्हणून बाहेर काढलं असतं तर पुढच्या वर्षापासून फायनल खेळायला कोण धडपडणार?

यादी आली. एसएमयू दहावी, अलाबामा अकरावी. एसएमयू आत.

निकाल मला मान्य, पण गेल्या वर्षीचा आणि यंदाचा शेजारी ठेवून बघा. २०२३ साली विचारलं गेलं, आज कोण चांगलं खेळेल? त्या प्रश्नावर फ्लॉरिडा स्टेट बाहेर. २०२४ साली विचारलं गेलं, हंगामात कोणी काय कमावलं? त्या प्रश्नावर अलाबामा बाहेर. दोन्ही प्रश्न वाजवी आहेत. कुठला विचारणार हे ऑगस्टमध्ये सांगा, एवढीच मागणी. दोन्ही वेळा दुसऱ्या टोकाला अलाबामाच होती, हा योगायोग म्हणून सोडून देऊ.

आता क्लेमसन बघा. कमिटीच्या यादीत सोळावी, तीन सामने हरलेली. तेराव्या क्रमांकाची मायामी, चौदावी ओल मिस, पंधरावी साउथ कॅरोलायना बाहेर, आणि सोळावी आत. त्यावर आज दिवसभरात एकही आरडाओरडा ऐकला नाही. का? तर कॉन्फरन्स जिंकली, नियमात बसते, विषय संपला. सगळा धुरळा त्या जागांवर, ज्या मतावर दिल्या जातात.

प्रोग्रामच्या दुसऱ्या भागात एक स्तंभ वाढवावा लागला, कारण यादीतला क्रम आणि सीड (प्लेऑफच्या तक्त्यातलं मानांकन) यांचा मेळ राहिलेला नाही. यादीत नववी बॉयसी स्टेट तिसरी सीड, बारावी अ‍ॅरिझोना स्टेट चौथी सीड. विजेत्यांना बाय, म्हणून. मग यादीतली तिसरी टेक्सस पाचवी सीड, चौथी पेन स्टेट सहावी, पाचवी नोटर डेम सातवी, सहावी ओहायो स्टेट आठवी. हे पुढे कोणाच्या तरी अंगाशी येणार आहे.

१५ डिसेंबर

दुसरा भाग चालू झाला. पहिली चाचणी: २०२३ ची यादी, बारा टीमचा नियम.

मूळ योजना होती सहा विजेत्यांना हक्काची जागा आणि सहा खुल्या. पॅक-१२ कॉन्फरन्स फुटल्यावर यंदा फेब्रुवारीत ती पाच अधिक सात केली. दोन्ही चालवून पाहिले.

सहा अधिक सहा: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा यांना बाय. फ्लॉरिडा स्टेट पाचवी सीड. सहावा विजेता म्हणजे यादीत तेविसावी असलेली लिबर्टी, तिला बारावी सीड. पहिल्या फेरीत पाच विरुद्ध बारा. म्हणजे टॅलहॅसीच्या मैदानावर फ्लॉरिडा स्टेट विरुद्ध लिबर्टी, १३-० विरुद्ध १३-०! एका अपराजित टीमला दुसरीने मैदानावर हरवलं असतं आणि ग्रेपव्हाइनमध्ये कोणाला तोंड उघडावं लागलं नसतं.

पाच अधिक सात: लिबर्टी गायब. तिच्या जागी बारावी ओक्लाहोमा. तेरा सामने जिंकणाऱ्या टीमच्या जागी दोन सामने हरलेली. नियमातला एक आकडा बदलला आणि जागा छोट्या कॉन्फरन्सकडून मोठीकडे सरकली. पॅक-१२ मोडल्यामुळे हा बदल योग्य, असं समर्थन होतं, आणि यंदापुरतं ते खरंही आहे. पण आकडे बदलताना कोणाचं नुकसान होतं ते असं चालवून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

नंतर लिबर्टी फिएस्टा बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात ओरेगनकडून ४५-६ अशी हरली, आणि ऑरेंज बोलमध्ये फ्लॉरिडा स्टेट जॉर्जियाकडून ६३-३. हे दोन आकडे माझ्या तोंडावर फेकले जातात. पहिला मी मान्य करतो. दुसरा नाही. त्या सामन्यात फ्लॉरिडा स्टेटचे वीसहून जास्त खेळाडू उतरलेच नव्हते, कारण ज्यासाठी उतरायचं ते आधीच हातातून गेलं होतं.

३ जानेवारी २०२५

बाय मिळालेल्या चारही टीम पहिल्याच सामन्यात गारद. बॉयसी स्टेट पेन स्टेटकडून, अ‍ॅरिझोना स्टेट टेक्ससकडून (दोन ओव्हरटाइम, ३९-३१), ओरेगन ओहायो स्टेटकडून ४१-२१, आणि काल जॉर्जिया नोटर डेमकडून २३-१०. हा शेवटचा सामना, शुगर बोल, न्यू ऑर्लिन्समधल्या नववर्षाच्या पहाटेच्या हल्ल्यामुळे एक दिवस पुढे गेला होता.

तीन-साडेतीन आठवड्यांच्या सुट्टीने टीम गंजल्या, असं टीव्हीवाले म्हणतात. असेलही. चार सामन्यांवरून मी काही म्हणणार नाही. सीडच्या स्तंभातून जे दिसतं ते मात्र गणितातलं आहे.

ओरेगन: अपराजित, यादीत पहिली. उपांत्यपूर्व फेरीत तिची गाठ यादीतल्या सहाव्या ओहायो स्टेटशी, जी सातव्या टेनेसीला ४२-१७ असं हरवून आली. टेक्सस: यादीत तिसरी, पाचवी सीड. तिला आधी सोळावी क्लेमसन, मग बारावी अ‍ॅरिझोना स्टेट. पेन स्टेट: यादीत चौथी, सहावी सीड. तिला दहावी एसएमयू, मग नववी बॉयसी स्टेट.

टेक्सस आपल्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये जॉर्जियाकडून हरली होती. पेन स्टेट आपल्या फायनलमध्ये ओरेगनकडून, ४५-३७. म्हणजे ७ डिसेंबरच्या रात्री ओरेगनने पेन स्टेटला हरवलं आणि बक्षीस म्हणून अवघड रस्ता मिळवला. हरलेल्या पेन स्टेटला सोपा मिळाला.

यादीतल्या क्रमानेच सीड दिल्या असत्या तर? चालवून पाहिलं. बाय ओरेगन, जॉर्जिया, टेक्सस, पेन स्टेट यांना. आठवी इंडियाना आपल्या मैदानावर नवव्या बॉयसी स्टेटशी, आणि तिथली विजेती ओरेगनसमोर. ओहायो स्टेट सहावी सीड, पहिल्या फेरीत कोलंबसलाच अ‍ॅरिझोना स्टेट. बारा नावं तीच, कोणावर अन्याय नाही, फक्त गाठी बदलल्या.

विजेत्यांना हक्काची जागा द्यावी या मताचा मी कट्टर आहे. हक्काची सीड मात्र द्यायला नको होती.

२१ जानेवारी

ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेती. काल अटलांटात नोटर डेमला ३४-२३ असं हरवलं. मध्यरात्र उलटेपर्यंत हाय स्ट्रीटवर हॉर्न वाजत होते, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. शेजारी आज ऑफिसला आलाच नाही, आणि मॅनेजरनेही विचारलं नाही.

चाचणी म्हणून २०२४ ची यादी जुन्या चार टीमच्या नियमात घातली. ओरेगन, जॉर्जिया, टेक्सस, पेन स्टेट. फायनल खेळलेल्या दोघींपैकी एकही त्यात नाही. नोटर डेम पाचवी होती, ओहायो स्टेट सहावी. ७ सप्टेंबरला नॉर्दर्न इलिनॉयकडून हरलेली टीम आणि ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून हरलेली टीम. गेली दहा वर्षं, म्हणजे २०१४ ते २०२३, पाचव्या-सहाव्या टीम अशाच बाहेर बसल्या, आणि त्यांतल्या कितींनी काय केलं असतं हे कुठलाही प्रोग्राम सांगू शकत नाही.

शेजाऱ्याने संध्याकाळी मेसेज टाकला: आता कबूल कर, कमिटीने आम्हाला बरोबर घेतलं. मी लिहिलं, तुम्हाला आत घेतलं ते बारा जागांनी. कमिटीने तुम्हाला सहावं ठरवलं होतं. त्यावर नुसता अंगठा.

२२ मे

आज जाहीर झालं: २०२५ च्या हंगामापासून सीड थेट यादीच्या क्रमाने. पाच विजेत्यांची हक्काची जागा कायम, बाय मात्र यादीतल्या पहिल्या चौघींना, विजेतेपद असो वा नसो. सीडचा जास्तीचा स्तंभ काढून टाकला, कोड आटोपशीर झाला.

एक बारीक कलम नजरेत भरलं. वरच्या चार कॉन्फरन्स विजेत्यांना बाय मिळाला नाही तरी, तो मिळाल्यावर जेवढे पैसे त्यांच्या कॉन्फरन्सला मिळाले असते तेवढे, ऐंशी लाख डॉलर, मिळत राहणार. तेव्हा कुठे सगळ्या कॉन्फरन्सच्या कमिशनरांचं एकमत झालं असावं, असा माझा अंदाज.

बाकी काम: निकषांना वजनं देऊन कमिटीच्या गेल्या दहा-अकरा याद्यांशी जुळवून बघायचं, कुठल्या वर्षी कुठला निकष जड गेला ते काढायचं. २०२३ आणि २०२४ एकाच वजनांत बसतात का, हे आधी. एफसीएसचे गट ऑगस्टच्या आत पुन्हा बांधायचे. दादाला शनिवारी फोन; पैशाचं कलम ऐकवायचंय.